हंसत हरणारा नायक

शृंगार आणि हास्य यांचें नातें फार जवळचें आहे. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत मूळ रस चार मानले, आणि त्यांपैकीं शृंगारापासून हास्याची उत्पत्ति होते असें सांगितलें. हा सिद्धान्त पटण्यास पोथी उघडावी लागत नाहीं. कोणत्याही गांवांतील कोणतीही गल्ली त्याची साक्ष देईल. प्रेमांत पडलेला तरुण स्वतःस अत्यंत गंभीर समजत असतो, आणि नेमका त्याच वेळीं तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना अत्यंत हास्यास्पद दिसत असतो. ज्या रस्त्यावर त्याचें कांहीं काम नसतें त्याच रस्त्यानें तो दिवसांतून चार वेळां जातो. ज्या पुस्तकाचें पानही त्याला उलटावयाचें नसतें तेंच पुस्तक तो आग्रहानें उसनें मागतो. जगांतील सारें प्रणयविनोदी वाङ्मय एवढ्या विसंगतीच्या भांडवलावर उभें आहे.

परंतु या हास्यालाही एक सीमा आहे. ज्याचें प्रेम शेवटीं सफळ होणार हें ठाऊक असतें त्याच्या फजितीला हंसणें सोपें असतें. ज्याचें प्रेम विफळ होतें त्याचें काय करावयाचें, हा प्रश्न आला कीं बहुतेक कथाकार हास्याची वाट सोडतात. त्या अभाग्याच्या हातीं ते एक तर मद्याचा पेला देतात, नाहीं तर शस्त्र देतात. हरलेल्या माणसानें रडावें किंवा सूड घ्यावा, याहून तिसरा मार्ग जणूं त्यांना ठाऊकच नसतो. तो तिसरा मार्ग, म्हणजे हरून हंसण्याचा मार्ग, ज्या थोड्या कृतींनीं दाखविला त्यांत १९९४ सालीं प्रदर्शित झालेल्या 'कभी हाँ कभी ना' या हिंदी चित्रपटाचें स्थान वरचें आहे. कुंदन शहा यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट गोव्याच्या उन्हांत आणि समुद्राच्या शेजारीं घडतो. पण त्याचा खरा विषय समुद्र नव्हे, नकार हा आहे. आणि नकार कसा सोसावा, हा प्रश्न समुद्रापासून दूर असलेल्या नांदेड-लातुरांत गोव्याहून तसूभरही कमी तीव्र नाहीं.

समुद्रकिनाऱ्याची गोष्ट मराठवाड्यांतील श्रोत्यांना प्रथमदर्शनीं परकी वाटण्याचा संभव आहे. लातूरहून कोंकणचा किनारा सरळ रेषेनें मोजला तरी साडेतीनशें किलोमीटरांहून दूर पडतो, आणि नांदेडहून तर चारशेंहूनही अधिक. गोदावरीचेंच पाहा. त्र्यंबकेश्वरीं ती उगम पावते तेथून पश्चिम समुद्र अवघ्या ऐंशीं किलोमीटरांवर आहे. पण हाताशीं असलेला तो समुद्र सोडून ती पूर्वेकडे वळते, साऱ्या मराठवाड्याची वाट चालून नांदेडच्या घाटांना स्पर्श करते, आणि सुमारें १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. लातूरची मांजरा अखेर याच गोदावरीला मिळते. म्हणजे या प्रदेशाचें समुद्राशीं नातें आहे, पण तें लांबच्या आप्ताचें आहे.

तथापि प्रणयविनोदाला जो किनारा लागतो तो समुद्राचाच असला पाहिजे असें नाहीं. किनारा म्हणजे घराच्या उंबरठ्याबाहेरची, पण गांवाच्या आंतलीच अशी जागा. जेथें वडीलधाऱ्यांची नजर पोहोंचते, पण क्षणभर पापणी लवते. अशी जागा मराठवाड्याला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतांतील सातशें मुक्तकांचा संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नांवावर आहे, आणि सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे गोदावरीच्या कांठचें आजचें पैठण. या गाथांतील प्रेम राजवाड्यांत घडत नाहीं. तें शेतांत, पाणवठ्यावर आणि गोदेच्या कांठच्या झाडींत घडतें. त्यांतील एका गाथेचा प्रसंग असा आहे. एक धार्मिक गृहस्थ नदीकांठच्या झाडीकडे हिंडत असतो, आणि नेमकी तीच झाडी एका तरुणीची संकेताची जागा असते. ती त्याला मोठ्या आदरानें सांगते कीं, महाराज, आतां निश्चिंत फिरा; तुम्हांस भिवविणारें तें कुत्रें मेलें; या झाडींत राहणाऱ्या सिंहानेंच त्याला मारलें. कुत्र्याला भिणारा तो सत्पुरुष पुन्हा त्या झाडीकडे फिरकेल काय?

नवव्या शतकांत काश्मीरांतील आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोक' लिहितांना ध्वनीचें उदाहरण म्हणून हीच गाथा निवडली, आणि तेव्हांपासून पंडितांनीं तिच्यावर पुष्कळ शाई खर्च केली. पण पंडितांना क्षणभर बाजूस ठेवलें तर ती गाथा म्हणजे चार ओळींत बसविलेलें एक प्रहसन आहे. त्यांत प्रियकर दिसतही नाहीं. दिसते ती आपली जागा राखणारी, 'नको' हें एकही वाक्य न उच्चारतां नकार देणारी हुशार मुलगी. नकाराचा अधिकार स्त्रीच्या हातीं आहे आणि तो ती हंसत हंसत बजावते, ही गोष्ट गोदातीरीं अशी जुनी आहे.

पुढें मराठी रंगभूमीवर हा रस बहरला. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्याची कल्पना मोलियेरच्या नाटकावरून आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकांत आणि तेथून मराठींत आलेली असली, तरी फाल्गुनराव आणि कृत्तिका हीं माणसें पुण्या-मुंबईच्या कोणत्याही वाड्यांत भेटावींत अशीं आहेत. १९३८ सालीं मास्टर विनायक यांनीं आचार्य अत्रे यांच्या लेखणीच्या साहाय्यानें 'ब्रह्मचारी' हा चित्रपट काढला. औदुंबर नांवाचा तरुण एक व्याख्यान ऐकून आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करतो, नटींचीं चित्रें फेकून देतो, व्यायामाला लागतो, आणि किशोरीची गांठ पडतांच त्याची प्रतिज्ञा डळमळूं लागते. मीनाक्षी शिरोडकर यांनीं त्या चित्रपटांत पोहण्याच्या पोषाखांत घेतलेलें दृश्य महाराष्ट्रांत अतिशय गाजलें. तेथेंही पाणी होतें, ऊन होतें आणि मोकळीक होती. परंतु या सर्व कृतींत एक गोष्ट समान आहे. संशय फिटतात, प्रतिज्ञा मोडतात, आणि शेवटीं ज्याची त्याला मिळते. हरणारा असा कोणी उरतच नाहीं. उरलाच तर तो दुष्ट अथवा मूर्ख असतो आणि प्रेक्षकाला त्याची कींव करण्याचें कारण राहत नाहीं.

हिंदी चित्रपटानें प्रेमाला गोव्याच्या किनाऱ्यावर नेलें तें पुढें. राज कपूर यांच्या १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटांत कोळ्याची मुलगी आणि श्रीमंताचा मुलगा यांचें प्रेम बापांच्या अहंकारावर आदळतें आणि अखेरीस बापांनाच पाण्यांत उड्या घालून मुलांना वांचवावें लागतें. के. बालचंदर यांच्या १९८१ सालच्या 'एक दूजे के लिये' चित्रपटांत तमिळ मुलगा आणि उत्तरेकडील मुलगी गोव्यांत शेजारी म्हणून राहतात. भाषेच्या अडचणींतून आरंभीं पुष्कळ हंसूं फुटतें, पण शेवट मरणांत होतो. दोन्ही ठिकाणीं संकट बाहेरून येतें. घरचीं माणसें दोघांच्या आड येतात. मुलीचा होकार गृहीतच असतो. मुलीचा होकारच नसेल तर काय, हा प्रश्न तेथें उपस्थितच होत नाहीं.

तो प्रश्न कुंदन शहा यांनीं उपस्थित केला. शहा हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. १९८३ सालच्या 'जाने भी दो यारों' या उपरोधपूर्ण चित्रपटामुळें त्यांचें नांव झालें होतें, आणि २०१७ सालीं ते निवर्तले. त्यांच्या या चित्रपटाचा नायक सुनील हा गोव्यांतील एका मध्यम स्थितीच्या घरांतील मुलगा. तो मित्रांच्या बँडमध्यें ट्रंपेट वाजवितो, अभ्यासांत सतत नापास होतो, आणि बँडमधील गायिका ॲना हिच्यावर प्रेम करतो. ॲनाचें प्रेम मात्र त्याच बँडमधील क्रिस या तरुणावर आहे. शाहरुख खान, सुचित्रा कृष्णमूर्ति आणि दीपक तिजोरी यांनीं या तीन भूमिका केल्या आहेत, आणि गांवच्या पाद्रीबाबांच्या, म्हणजे फादर ब्रगांझांच्या भूमिकेंत नसीरुद्दीन शहा आहेत.

कथा साधी आहे, पण तिची वीण पक्की आहे. ॲना आपली व्हावी म्हणून सुनील खोटें बोलतो, क्रिस आणि ॲना यांच्यांत गैरसमज पेरतो. तें उघडकीस येतें, आणि मित्र त्याला बँडबाहेर काढतात. येथेंच एखाद्या दुसऱ्या चित्रपटांत तो खलनायक झाला असता. येथें तो केवळ शरमिंदा होतो, मित्रांच्या मागें मागें फिरतो, क्षमा मागतो, आणि हळूहळू त्यांच्यांत परत येतो. मग नशीब एक विचित्र वळण घेतें. क्रिसच्या घरचे त्याचें लग्न दुसरीकडे ठरवितात, आणि दुखावलेले ॲनाचे आईबाप सुनीललाच जांवई करावयाचें ठरवितात. ज्या गोष्टीसाठीं त्यानें इतक्या लबाड्या केल्या ती गोष्ट आतां कसलीही लबाडी न करतां त्याच्या पदरांत पडत असते. पण ॲनाचें मन अजून क्रिसकडेच आहे हें त्याला दिसतें. आणि तो मुलगा, जो आजवर प्रत्येक लहान गोष्टींत खोटें बोलला, तो या मोठ्या गोष्टींत खरा वागतो. ॲनाची आणि क्रिसची गांठ घालून देतो. चर्चमधील त्यांच्या लग्नाला तो उपस्थित राहतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर हंसूंही असतें आणि आंसूही असतात.

या त्यागांत थोरपणाचा आव नाहीं, हेंच त्याचें सौंदर्य आहे. सुनील हा देवमाणूस नव्हे. तो कोणत्याही गल्लींत आढळणारा, थोडा आळशी, थोडा थापाड्या, पण आंतून स्वच्छ असा मुलगा आहे. जें त्यानें शेवटीं केलें तें करण्यास कोणताही अलौकिक गुण लागत नाहीं. केवळ एवढें मान्य करावें लागतें कीं समोरच्या मुलीलाही मन आहे आणि तें तिच्या मालकीचें आहे. आपल्याला वाटलेलें प्रेम हें दुसऱ्यावर झालेलें ऋण नव्हे, ही गोष्ट वेदान्ताइतकी सोपी आणि वेदान्ताइतकीच आचरण्यास कठीण आहे.

या चित्रपटाचें महत्त्व त्याच्या काळाकडे पाहिलें म्हणजे अधिक ध्यानांत येतें. १९९३ च्या नोव्हेंबरांत 'बाजीगर' प्रदर्शित झाला. त्यांत सूडासाठीं प्रेमाचें नाटक करणारा नायक आपल्या प्रेयसीला गच्चीवरून खालीं लोटतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत 'डर' आला. त्यांत एक तरुण, जिला त्याचें प्रेम नको आहे अशा तरुणीचा सावलीसारखा पिच्छा पुरवितो. दोन्ही भूमिका शाहरुख खान यांच्याच होत्या, आणि दोन्ही चित्रपटांना प्रेक्षकांनीं डोक्यावर घेतलें. फेब्रुवारी १९९४ मध्यें तोच नट सुनीलच्या रूपानें पडद्यावर आला. नकार मिळालेल्या पुरुषापुढें असलेल्या दोन्ही वाटा एकाच नटानें तीन-चार महिन्यांच्या अंतरानें चालून दाखवाव्या, हा योगायोग विलक्षण होय. समीक्षकांचें फिल्मफेअर पारितोषिक त्यांना या दुसऱ्या वाटेसाठीं मिळालें. परंतु पानपट्टीच्या दुकानांतून आणि महाविद्यालयांच्या कट्ट्यांवरून ज्यांची नक्कल झाली तो सुनील नव्हे, 'डर'मधील अडखळत नांव घेणारा तो वेडा प्रियकर होता. लोकांना काय आवडतें आणि लोकांच्या उपयोगाचें काय असतें, यांत नेहमींच एवढें अंतर राहत आलें आहे.

गोव्याचें या चित्रपटांतील रूपही लक्षांत घेण्याजोगें आहे. एरवीं चित्रपटांतील गोवा हा पाहुण्यांचा गोवा असतो. तेथें लोक येतात, समुद्र पाहतात, नाचतात आणि परत जातात. येथील गोवा रहिवाशांचा आहे. समुद्र हा तेथें देखावा नसून शेजारी आहे. कौलारू घरें, चर्च, बँडची तालीम, मुलाच्या निकालाची चिंता करणारा बाप, भावाच्या चुका पोटांत घालणारी धाकटी बहीण, आणि गांवांतील प्रत्येकाचें गुपित ठाऊक असलेला पाद्री, अशी ती वस्ती आहे. हिंदी पडद्यावर ख्रिस्ती माणूस म्हटला कीं तो मद्यपी किंवा विदूषक असावयाचा, अशी जी वहिवाट पडली होती तिच्यापुढें हीं साधीं, घरंदाज कुटुंबें उठून दिसतात. आणि अशी वस्ती नांदेडच्या वजिराबादेंत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांना अनोळखी नाहीं. समुद्र काढून टाकला तर उरतें तें त्यांचेंच गांव: सर्वांनीं सर्वांना ओळखण्याचें, आणि त्यामुळेंच अपयश लपविणें अशक्य असण्याचें.

अपयश लपविण्याची हीच गोष्ट चित्रपटाच्या दुसऱ्या धाग्याकडे नेते, आणि हा धागा लातूरकरांच्या तर अगदीं काळजाजवळचा आहे. सुनील परीक्षेंत नापास झालेला असतो, पण घरीं तो उत्तीर्ण झाल्याची खोटी गुणपत्रिका दाखवितो. घरांत आनंदीआनंद होतो. आजवर मुलाला बोल लावणारा बाप अभिमानानें फुलून जातो. आणि तो अभिमानच मुलाला सोसवत नाहीं. रागावलेल्या बापाला फसविणें सोपें असतें. आनंदलेल्या बापाला फसविणें फार कठीण असतें. अखेर तो बापाला खरें काय तें सांगून टाकतो. विनोदी म्हणविल्या जाणाऱ्या चित्रपटांतील हा प्रसंग प्रेक्षकांचे डोळे ओले करतो, कारण त्यांतील बाप कोणत्याही घरांतला आहे.

लातूर हें नांव महाराष्ट्रांत एका शिक्षणपद्धतीला जोडलें गेलें आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय अशा संस्थांतून वारंवार सराव परीक्षा घेण्याची आणि प्रत्येक चुकीचा पाठपुरावा करण्याची जी रीति रूढ झाली ती 'लातूर पॅटर्न' या नांवानें सर्वतोमुखीं झाली. मराठवाड्यासारख्या उपेक्षित भागांतील मुलें गुणवत्ता याद्यांत वर आलीं, डॉक्टर नि इंजिनियर झालीं, ही त्या पद्धतीची कमाई कोणी नाकारूं शकत नाहीं. नांदेडनेंही याच वाटेनें नांव मिळविलें. आज निलंगा, औसा, अहमदपूर, कंधार, मुखेड अशा तालुक्यांतून मुलें-मुलीं सोळाव्या-सतराव्या वर्षीं या दोन शहरांत येतात, भाड्याच्या खोलींत राहतात, मेसचा डबा जेवतात, आणि रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेंत बसतात. त्यांच्यामागें कोठें तरी कोरडवाहू शेताचें एखादें वर्षाचें उत्पन्न गुंतलेलें असतें.

त्या शेताची स्थिति काय असते हें निराळें सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहरालाच पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें आणावें लागलें. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें, आणि तें पाहण्यासाठीं माणसें स्टेशनावर जमलीं. पाण्याची वाट अशी पाहणाऱ्या प्रदेशांतील बाप जेव्हां मुलाला शहरांत ठेवतो तेव्हां त्याची अपेक्षा साधी राहत नाहीं. ती साऱ्या घराची आशा होऊन बसते. अशा स्थितींत निकालाच्या दिवशीं 'मला जमलें नाहीं' हें तीन शब्दांचें सत्य उच्चारण्यास जें धैर्य लागतें तें पहिला क्रमांक मिळविण्याच्या धैर्याहून कमी नसतें. ज्या मुलांना तेथें 'रिपीटर' म्हणतात, म्हणजे जीं पुन्हा एक वर्ष त्याच परीक्षेला बसतात, त्यांना हें धैर्य पुरतेपणीं ठाऊक असतें.

आणि हें वय तर प्रेमाचें. परीक्षेचा नकार आणि माणसाचा नकार हे दोन्ही नकार एकाच वयांत, पुष्कळदां एकाच वर्षांत, घरापासून दूर असतांना भेटतात. पहिल्याची तयारी करून घेणारे वर्ग गल्लोगल्लीं आहेत. दुसऱ्याची तयारी कोणीच करून घेत नाहीं. घरांत त्या विषयाचा उच्चार निषिद्ध असतो, महाविद्यालयांत तो थट्टेचा असतो, आणि पडद्यावर त्याला पिच्छा पुरविण्याचें शिक्षण मिळतें. मुलीनें तोंड फिरविलें म्हणजे तिच्या वाटेंत उभें राहावें, ती 'नाहीं' म्हणाली म्हणजे तिच्या मनांत 'होय' असलें पाहिजे असें धरून चालावें, हा पाठ चित्रपटांनीं वर्षानुवर्षें दिला. त्या पाठाची किंमत रस्त्यानें खालीं मान घालून जाणाऱ्या मुलींनीं मोजली, आणि कित्येकींनीं शिक्षण अर्धवट सोडूनही मोजली. म्हणून सुनीलसारखा नायक ही केवळ मनोरंजनाची वस्तु राहत नाहीं.

लातूरशीं संबंध असलेला एक अलीकडचा मराठी चित्रपट याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. लातूरचे सुपुत्र रितेश देशमुख यांनीं दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट 'वेड' ३० डिसेंबर २०२२ रोजीं प्रदर्शित झाला आणि त्याला मोठें यश लाभलें. 'मजिली' या २०१९ सालच्या तेलुगू चित्रपटावर तो आधारलेला आहे. त्यांतील सत्या तारुण्यांतील प्रेयसीला मुकतो आणि त्या दुःखाला कवटाळून वर्षें दवडतो. दरम्यान श्रावणी, जी त्याच्यावर मनापासून प्रेम करते आणि जिच्याशीं त्याचा विवाह झालेला असतो, ती त्याच घरांत त्याच्या एका प्रेमळ शब्दाची वाट पाहत राहते. जिनिलिया देशमुख यांनीं केलेली ही भूमिका प्रेक्षकांच्या मनांत राहिली, कारण हरलेल्या पुरुषाच्या रडण्याचें मोल बहुधा दुसरीच कोणी तरी स्त्री मोजत असते हें तिनें दाखविलें. 'वेड'ला प्रणयविनोद म्हणतां येणार नाहीं. पण सत्या आणि सुनील यांना शेजारीं उभें केलें म्हणजे फरक स्पष्ट दिसतो. दुःख दोघांनाही सारखेंच झालें. एकानें दुःखाला घर दिलें. दुसऱ्यानें त्याला ओसरीपर्यंत येऊं दिलें, पाणी दिलें, आणि मार्गस्थ केलें.

'कभी हाँ कभी ना'वर आक्षेप घेतां येत नाहींत असें नाहीं. खोटें बोलणारा, गुणपत्रिकेंत फसवणूक करणारा मुलगा तरुणांपुढें नायक म्हणून ठेवावा काय, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं त्याच्या प्रत्येक खोट्याची शिक्षा त्याला त्याच चित्रपटांत मिळते. आणि जो कधीं चुकलाच नाहीं त्याच्या सुधारण्यापासून कोणी कांहीं शिकत नाहीं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ॲनाचे आईबाप रागाच्या भरांत तिचें लग्न सुनीलशीं ठरवितात तेव्हां तिचा स्वतःचा आवाज फारसा ऐकूं येत नाहीं. तिच्या मनाचा निवाडाही शेवटीं एका मुलाच्या चांगुलपणावर अवलंबून राहतो. गोदातीरावरच्या त्या गाथेंतील मुलगी असती तर तिनें स्वतःच एखाद्या सिंहाची योजना केली असती. २०१० सालच्या 'मुंबई-पुणे-मुंबई' या सतीश राजवाडे यांच्या चित्रपटांत ही उणीव भरून निघाली असें म्हणतां येईल. तेथें मुक्ता बर्वे यांनीं रंगविलेली मुलगी वडिलधाऱ्यांनीं सुचविलेल्या स्थळाला नकार देण्यासाठींच मुंबईहून पुण्यास येते, आणि साऱ्या विनोदाचा उगम तिच्या त्या स्पष्ट 'नाहीं'मध्यें आहे. तिच्या नकाराला मान मिळतो म्हणूनच पुढें तिच्या मनांत उमलणाऱ्या होकाराला अर्थ येतो.

सुशिक्षित घरांतून अजूनही एक समजूत आढळते कीं प्रेमाचे चित्रपट मुलांच्या दृष्टीस न पडतील तर बरें. पूर्वीं चित्रपटगृहाच्या दारावर अडवितां येत असे. आतां पडदा प्रत्येकाच्या खिशांत आहे, आणि मूल काय पाहतें हें त्याच्या उशाखालच्या दूरध्वनीलाच ठाऊक असतें. अशा वेळीं बंदीपेक्षां सोबत अधिक उपयोगी पडते. जें चित्र मुलगा-मुलगी एकटीं पाहणारच आहेत तें आईबापांनीं त्यांच्याबरोबर बसून पाहावें; सुनीलच्या फजितीला सर्वांनीं मिळून हंसावें; आणि बापापुढें तो खरें बोलतो त्या प्रसंगीं घरांत जी शांतता पसरेल ती मोडण्याची घाई कोणी करूं नये. पुष्कळ घरांत जें वाक्य वर्षभर ओठावर येऊन परत गेलेलें असतें तें कदाचित् त्या शांततेंतच उच्चारलें जाईल. हंसण्यानें मनाचीं दारें उघडतात हा अनुभव विनोदी लेखकांनीं पिढ्यान्‌पिढ्या दिला आहे. उपदेशानें तीं बहुधा अधिक घट्ट लागतात.

चित्रपटाचा शेवटही उपदेश करीत नाहीं. लग्न आटोपलेलें असतें, रात्र झालेली असते, आणि सुनील एकटाच रस्त्यावर असतो. तोंच एक अनोळखी तरुणी, जुही चावला यांच्या रूपानें, त्याला पत्ता विचारते. तो पत्ता सांगूं लागतो. आणि ज्या मुलानें सकाळीं आपलें सर्वस्व दुसऱ्याच्या हातीं दिलें त्याच्या डोळ्यांत पुन्हा तीच जुनी, थोडीशी वेडगळ चमक येते. प्रेक्षक हंसतात. ती मुलगी त्याला 'होय' म्हणेल कीं 'नाहीं', हें चित्रपट सांगत नाहीं. ती 'नाहीं' म्हणाली तरी हा मुलगा मोडणार नाहीं, आणि तिचेंही कांहीं बिघडविणार नाहीं, एवढा विश्वास मात्र प्रेक्षकांच्या मनांत निर्माण झालेला असतो. नांदेडच्या घाटावर संध्याकाळीं फिरावयास निघालेल्या आणि लातूरच्या अभ्यासिकेंतून रात्रीं परत येणाऱ्या प्रत्येक मुलीला आपल्या गांवांतील मुलांविषयीं एवढाच विश्वास हवा असतो.